टँकमधली झाडं: पानं विरघळली म्हणून झाड फेकू नका

सुट्टीत पोरांच्या हट्टाने माशांचा टँक घरात आला, जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि टँक आईबाबांच्या गळ्यात पडला, यावेळी सगळ्यात जास्त प्रश्न अशाच घरांतून आलेत आणि जवळजवळ सगळे झाडांबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. एक विनंती आधीच करून ठेवतो, प्रश्न पाठवताना टँक किती फुटी, पाणी नळाचं की बोअरचं आणि लाइट किती तास चालू असते एवढं तरी लिहा हो, नुसतं "झाड मरतंय काय करू" म्हटलं की मी तरी काय सांगणार.

प्रश्न: दुकानदाराने दिली ती पाच-सहा प्रकारची झाडं आणली. टँक दोन फुटी, पाणी नळाचं. आठवड्याभरात क्रिप्ट आणि ॲमेझॉन स्वॉर्डच्या पानांचा लगदा झाला, एक लाल-हिरव्या पानांचं झाड बुडापासून काळं पडलं, अनुबियास पण पिवळं पडायला लागलंय. माझ्या हाताला गुणच नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

ताई, हाताला काही झालेलं नाही. तुमच्या टँकमध्ये तीन वेगळ्या भानगडी एकाच वेळी चालू आहेत म्हणून तुम्हाला सगळंच गेलं असं वाटतंय.

क्रिप्ट आणि स्वॉर्ड ही खरी पाण्यातली झाडं, पण नर्सरीवाले ती बहुतेक वेळा पाण्याबाहेर वाढवतात, मुळं ओली आणि पानं दमट हवेत, कारण हवेत कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, झाड भराभर वाढतं, शेवाळ लागत नाही आणि पाठवायलाही सोपं जातं. पाण्यात वायू हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे पाण्याखाली झाडाला पातळ, वेगळ्या घडणीची पानं लागतात, हवेतली जाड पानं तिथे काही कामाची नाहीत. मग झाड जुनी पानं सोडून देतं आणि नवी काढायला घेतं. क्रिप्टचं तर विचारूच नका, पाणी बदललं रुसलं, जागा बदलली रुसलं, दोन-तीन दिवसांत सगळी पानं विरघळतात आणि नुसतं बुड उरतं. इथेच लोक घाई करतात, उपटलं आणि टाकलं कचऱ्यात. तसं करू नका. विरघळलेली पानं बुडाजवळ कात्रीने कापून बाहेर काढा, नाहीतर ती कुजून पाणी बिघडतं, पण मुळांना अजिबात हात लावायचा नाही, आणि मग तीन-चार आठवडे गप बसायचं. बुड बोटाने हलकेच दाबून बघा, टणक असेल तर झाड जिवंत आहे, मऊ पडून वास मारत असेल तर मात्र गेलं.

आता ते लाल-हिरवं. वर्णनावरून ते पाण्यातलं झाडच नसावं. सिंगोनियम, फिटोनिया, स्पायडर प्लांट, ड्रॅसिना (तुमचा लकी बांबू हा पण ड्रॅसिनाच) असली कुंडीतली झाडं टँकमध्ये बुडवून सर्रास विकली जातात. महिनाभर दिसतात छान, कारण साठवलेल्या अन्नावर जगत असतात, मग कुजतात. घेताना झाड पाण्याबाहेर काढून धरायला सांगा, पाण्यातच वाढलेलं दांड्याचं झाड बाहेर आलं की लगेच माना टाकतं. ही परीक्षा काही शंभर टक्के खरी नाही, बाहेर वाढवलेला स्वॉर्डही ताठ उभा राहतो आणि अनुबियास तर कायमच कडक, पण जाड मेणचट रंगीबेरंगी पान दिसलं की जरा थांबायचं. सिंगोनियम किंवा मनीप्लांट तुमच्याकडे असेलच तर फेकू नका, नुसती मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी टँकच्या कडेला लावा, पाण्यातलं नायट्रेट मस्त शोषून घेतात.

अनुबियासचं मात्र बहुतेक लावताना चुकलंय, ते रेतीत खोचलंय ना? त्याला एक आडवी जाड गाठ असते, राइझोम म्हणतात, पानं वरून आणि मुळं खालून फुटतात. ती गाठ रेतीखाली गेली की कुजायला लागते. आजच बाहेर काढा आणि दगडाला किंवा लाकडाला काळ्या शिलाईच्या दोऱ्याने बांधा, नाहीतर फेविक्विकचा एक थेंब लावून चिकटवा, सुकल्यावर माशांना त्याचा त्रास नाही. जावा फर्नचंही तसंच. स्वॉर्ड आणि क्रिप्ट रेतीत लावायचे पण जिथून पानं फुटतात तो भाग वर राहायला हवा, आणि दांड्याच्या झाडांची जुडी रबर काढून सुटी करायची, एकेक दांडा इंचाइंचावर. जुडी तशीच खोचली की आतले दांडे उजेडाविना कुजतात.

प्रश्न: एप्रिल-मे मध्ये पाणी ३३-३४ डिग्रीला जातं. मागच्या वर्षी मॉस पूर्ण गेलं, लाल रोटाला गेला, मासे वर येऊन तोंड मारत होते. चिलर (पाणी थंड करायचं मशीन) परवडत नाही. काय करावं? (एक वाचक, नागपूर)

चिलर राहू द्या, विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात छोटा टेबल फॅन तुमचा जास्त उपयोगी. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारा, पाणी उडतं तसं टँक २ ते ४ डिग्री उतरतो. हीच युक्ती रत्नागिरी-मुंबईकडे तेवढी चालत नाही कारण तिथे हवाच ओली. फॅनमुळे पाणी रोज खाली जाईल, ते भरताना आरओचं पाणी वापरा, कारण उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात आणि वरून रोज बोअरचं पाणी ओतलंत की महिन्याभरात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कुठल्या कुठे जातो. उडी मारणारे मासे असतील तर वर मच्छरदाणीची जाळी ताणा. बर्फाच्या बाटल्या टाकणारे बरेच आहेत, मला तो प्रकार पटत नाही, दुपारी २८ आणि रात्री परत ३३, त्या वरखालीनेच झाडं आणि मासे दोघं दमतात.

मासे वर येतात ते ऑक्सिजनसाठी. २५ डिग्रीच्या पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३४ ला ७ च्या आसपास, आणि गरम पाण्यात माशांना लागतो मात्र जास्त. त्यात रात्री झाडंसुद्धा ऑक्सिजन घेतात हे लोक विसरतात. म्हणून उन्हाळ्यात लाइट बंद झाली की एअर पंप सुरू, सकाळपर्यंत. लाइट दुपारी लावूच नका, संध्याकाळी पाच ते अकरा ठेवा, घरी असता तेव्हा बघायलाही मिळतं. आणि मॉस, लाल रोटाला यांचा नाद मार्च ते जून सोडा. व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला, वॉटर स्प्राइट ही मंडळी तुमचा उन्हाळा काढतात.

प्रश्न: तीन फुटी टँक, महागडी एलईडी घेतली, दिवसाला बारा-तेरा तास चालू ठेवतो तरी झाडं वाढत नाहीत आणि सगळीकडे शेवाळ. काचेवर हिरवा थर, अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे केसासारखे झुपके. शेवाळ मारायचं औषध टाकू का? आणि कार्बन डायऑक्साइडसाठी यीस्ट-साखरेची बाटली लावू का? (एक वाचक, पिंपरी)

दादा, "तरी" नाही हो, म्हणूनच. बारा तास लाइट म्हणजे शेवाळाची शेती. झाडाला उजेडाबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि खत लागतं, त्यातलं एक कमी पडलं की वाढ तिथेच थांबते, मग उरलेला उजेड शेवाळ खातं, त्याचं थोडक्यात भागतं. लाइट सहा तासांवर आणा, टायमर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, हाताने चालू-बंद करणं कुणालाच जमत नाही. टँक खिडकी-बाल्कनीजवळ असेल आणि ऊन थेट पडत असेल तर मागच्या बाजूला काळा कागद लावा. सहा तासांवर महिनाभर ठेवून बघा, मग वाटलं तर आठवड्याला अर्धा तास वाढवत आठपर्यंत न्या, त्यापुढे नको.

काचेवरचा हिरवा थर जुन्या एटीएम कार्डाने खरवडून लगेच पाणी बदला. काळे झुपके म्हणजे ब्लॅक बिअर्ड नावाचं शेवाळ, हे चिवट. जुनी बरबटलेली पानं सरळ कापून टाका, अनुबियास हळू वाढतं म्हणून जीव होत नाही माहितीये, पण ती पानं काही परत साफ होत नाहीत. हे शेवाळ बहुतेक तिथे येतं जिथे कार्बन डायऑक्साइड कधी जास्त कधी कमी होतो, फिल्टर घाणीने तुंबलेला असतो किंवा खाणं जास्त पडतं. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच धुवा, नळाखाली धुतलात तर क्लोरीनने आतले उपयोगी बॅक्टेरिया मरतात.

औषधाबद्दल: शेवाळ मारणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत तांबं असतं, कोळंबी आणि गोगलगायी संपतात, काही झाडंही. आणि 'लिक्विड कार्बन' म्हणून जे मिळतं ते बहुतेक ग्लुटराल्डिहाइड, शेवाळावर चालतं पण व्हॅलिसनेरिया त्याने वितळतं, आणि त्याला कार्बन डायऑक्साइडचा पर्याय समजू नका. त्यापेक्षा पन्नास रुपयांचं हॉर्नवर्ट किंवा हायग्रोफिला भरपूर टाका, हे भराभर वाढणारे गडी शेवाळाच्या ताटातलं खाणं आधी पळवतात. नवीन टँकमध्ये पहिल्या महिन्यात येणारं तपकिरी शेवाळ असेल तर काहीच करू नका, बोटाने पुसा, ते आपोआप जातं.

यीस्ट-साखरेच्या बाटलीबद्दलही तुम्ही विचारलंय. दोन-तीन आठवडे चालते, पण रात्री बंद करता येत नाही आणि गॅस रोज कमी-जास्त, म्हणजे काळ्या शेवाळाला आमंत्रणच. करायचंच असेल तर सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याचा वाल्व असलेला सेट घ्या. टँकमध्ये ड्रॉप चेकर लावा, आतलं पाणी निळं म्हणजे गॅस कमी, हिरवं म्हणजे ठीक, पिवळं झालं तर आधी माशांकडे बघा.

प्रश्न: आमची द्राक्षबाग आहे, ड्रिपची विद्राव्य खतं घरात पडून असतात. झाडांच्या जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडतायत आणि नवीन पानं पांढुरकी येतात. दुकानातलं टँकचं खत छोट्या बाटलीला साडेचारशे रुपये. घरातलं वापरलं तर चालेल का? (एक वाचक, निफाड)

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. चालेल, आणि खरं सांगायचं तर त्या साडेचारशेच्या बाटलीत बऱ्याचदा हेच क्षार पाण्यात विरघळवलेले असतात. पण कुठली गोणी उघडायची हे नीट वाचा, नाहीतर मासे मराल... म्हणजे माराल.

तुम्हाला पाहिजे ते तेरा शून्य पंचेचाळीस, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यातला नत्र नायट्रेटच्या रूपात असतो, माशांना ठरावीक प्रमाणात चालतो. दुसरं शून्य बावन्न चौतीस, म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. बस. एकोणीस-एकोणीस-एकोणीस, बारा एकसष्ट शून्य, युरिया, डीएपी यांना हात लावू नका, त्यांत अमोनियाचा किंवा युरियाचा नत्र असतो आणि पाण्याचा पीएच ७ च्या वर असेल (बोअरचं असणारच) तर अमोनिया माशांना फार लवकर लागतो.

हिशोब असा. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टँक म्हणजे साधारण १०० लिटर. त्यात १ ग्रॅम तेरा शून्य पंचेचाळीस टाकलं की नायट्रेट लिटरला ६ मिलिग्रॅमने वाढतं. अर्धा लिटर आरओच्या पाण्यात १० ग्रॅम तेरा शून्य पंचेचाळीस आणि १ ग्रॅम शून्य बावन्न चौतीस विरघळवा, त्यातलं २५ मिली सोमवारी आणि २५ मिली गुरुवारी, आणि रविवारी ३० टक्के पाणी बदल. मासे भरपूर असतील तर याच्या निम्मं. वजन सोन्याच्या काट्यासारख्या छोट्या डिजिटल काट्यावर करा, बागेत किलोने टाकायची सवय इथे उपयोगाची नाही.

तुमच्या लक्षणांवर येतो. जुन्या पानांना भोकं म्हणजे बहुधा पोटॅश कमी, झाड जुन्या पानातला पोटॅश काढून नव्याला देतं, म्हणून आधी जुनं पान फाटतं. ते वरच्या खताने भरून निघेल. नवीन पान पांढुरकं म्हणजे लोह, ते झाडाला जुन्या पानातून हलवता येत नाही म्हणून नव्यात दिसतं, हे तुम्हाला बागेतून माहीत असणारच. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून ईडीटीएसारख्या रसायनात बांधलेलं) १२ टक्के ईडीटीए मिळतं, ते १ ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात, वेगळ्या बाटलीत (फॉस्फेटबरोबर एकत्र केलंत तर खाली साका बसतो), त्यातलं २५ मिली आठवड्यातून दोनदा. बोअरचं पाणी जड आणि पीएच साडेसहाच्या पुढे असेल तर ईडीटीए टिकत नाही, तिथे डीटीपीएवालं लोह बघा. ईडीडीएचएवालं ६ टक्के लोह जड पाण्यात सगळ्यात जास्त टिकतं पण अख्खा टँक लालसर होतो, घरचे विचारतील काय ओतलं म्हणून.

आणि एक, मापं-बादल्या फवारणीच्या वापरू नका. कीटकनाशकाचा अंशसुद्धा कोळंबी मारायला पुरतो.

प्रश्न: गोल्डफिश सगळी झाडं खातात. उपाय? (एक वाचक, सोलापूर)

उपाय नाही, ते त्यांचं जेवण आहे. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला बांधून ठेवा, त्यांची पानं कडक असतात, बहुतेक गोल्डफिश नाद सोडतात. बाकी स्वस्तातलं हायड्रिला आठवड्याला मूठभर टाका आणि खाऊ द्या.

प्रश्न: नवीन झाडांबरोबर बारीक गोगलगायी आल्या, आता शेकड्याने झाल्यात. (एक वाचक, सांगली)

शेकड्याने झाल्या म्हणजे खाणं शेकड्याने पडतंय. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका, आपोआप कमी होतील. रात्री काकडीची चकती टाकून सकाळी उचलली की ओंजळभर निघतात. झाडांना त्या काही करत नाहीत, कुजकं पान खातात. पुढच्या वेळी नवी झाडं तुरटीच्या पाण्यात, ४ लिटरला एक मोठा चमचा या हिशोबाने, दोन-तीन तास बुडवून मग स्वच्छ धुवून लावा.

प्रश्न: आमच्या घरामागच्या व्हाळात लांब, अरुंद पानांचं झाड खडकांच्या फटीत वाढतं. पाणी उतरलं की पिळ घातलेलं जांभळट फूल येतं. हे क्रिप्ट आहे का, आणलं तर चालेल का? आणि कासला फुलणारा वायतुरा टँकमध्ये लावता येतो का? (एक वाचक, सावंतवाडी)

पिळाचं फूल म्हणताय म्हणजे क्रिप्टच असायची दाट शक्यता. कोकण-गोव्यात क्रिप्टोकोरायनी स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस दोन्ही सापडतात, नुसत्या पानांवरून वेगळी ओळखणं अवघड. पावसाळाभर वाहत्या पाण्याखाली पानं वाढवायची आणि पाणी उतरलं की फुलायचं असा त्यांचा क्रम. काय मजा आहे बघा, लोक परदेशी क्रिप्टला दोन-दोनशे रुपये मोजतात आणि तुमच्या परसात ती फुकट उभी आहे. पण व्हाळातून उपटून आणू नका. खडकाच्या फटीतून काढताना मुळं तुटतात, टँकमध्ये आणलं की पहिल्या उत्तरात सांगितलं तसं सगळं विरघळतं, आणि व्हाळातली जागा रिकामी होते. स्वतःच्या भाताच्या खाचराच्या कडेला आलं असेल तर एखादं पिल्लू मातीसकट आणा, बाकीचं तिथेच राहू द्या. जंगल खात्याच्या हद्दीत हात लावायचाच नाही.

वायतुरा म्हणजे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, जगात फक्त आपल्या सह्याद्रीत आहे. तो दोन फाट्यांचा तुरा येतो ना, तो बघायचा तर पावसाळ्यात सड्यावर जाऊन बघा. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, तिथलं पानसुद्धा तोडू नये. आणि टँकमध्ये तो जगणारही नाही, पावसाळा संपला की झाड जमिनीखालच्या कंदात जाऊन झोपतं, बारा महिने कोमट पाण्यात ठेवलेला कंद सडतो. ॲपोनोजेटॉन हवाच असेल तर दुकानात क्रिस्पसचे कंद मिळतात, सुपारीएवढे, रेतीवर नुसते ठेवायचे, पुरायचे नाहीत.

प्रश्न: ऑगस्टमध्ये मुंबईला येतोय. तिकडे ॲम्ब्युलिया आणि हायग्रोफिला किती स्वस्त! ओल्या कागदात गुंडाळून बॅगेतून थोडं आणलं तर काय होईल? (एक वाचक, ह्यूस्टन)

नको, अजिबात नको. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आणि ॲम्ब्युलिया (लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा) ही दोन्ही अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहेत, हायड्रिलाही आहे. आपल्याकडची ही साधी झाडं फ्लोरिडाच्या तळ्या-कालव्यांत सुटली आणि पसरत गेली, हायड्रिला तर तिथे १९५०च्या दशकात टँकच्या धंद्यातूनच पोचलं. आपल्याकडे जलपर्णीने उलट्या बाजूने तेच केलं, दक्षिण अमेरिकेतून आली आणि आता रंकाळ्यापासून मुळा-मुठेपर्यंत दरवर्षी मशीन लावून काढावी लागते. विमानतळावर सापडलात तर झाडं जप्त होतील आणि दंड बसेल तो वेगळा. तुमच्याकडे टिश्यू कल्चरच्या कपातली (लॅबमध्ये जेलीवर वाढवलेली) झाडं सगळीकडे मिळतात, गोगलगाय नाही शेवाळ नाही, ती घ्या, जेली कोमट पाण्यात धुवून काढा आणि चिमट्याने लावा. छाटलेल्या फांद्या गटारात किंवा तळ्यात टाकू नका, आधी उन्हात पूर्ण वाळवा, मग कचऱ्यात. हे शेवटचं डोंबिवली-पिंपरीवाल्यांनाही लागू.